नव्या वळणाच्या लोकसंगीत बँडची ओळख कशी करून द्यावी : सीमाभागातील नवोदित निवेदकांसाठी

गणेशोत्सव जवळ आला की बेळगावातील एखाद्या गल्लीच्या पंचांना, कडोली, उचगाव किंवा बेळगुंदीच्या साहित्य संमेलनाच्या कार्यकर्त्यांना, नाहीतर एखाद्या महाविद्यालयातील स्नेहसंमेलनाच्या पोरांना वाटू लागते की यंदा ऑर्केस्ट्रा नको, तो गावातल्या मुलांचा नवा बँड बोलवूया. बँड ठरतो, बिदागी ठरते, मांडववाल्याला आगाऊ रक्कम जाते आणि कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी हातात माइक देऊन सांगितले जाते, की यांची जरा ओळख करून द्या. ज्याच्या हातात असा अवचित माइक येतो, त्याच्यासाठी हा लेख आहे.

ऑर्केस्ट्राची ओळख करून द्यावी लागत नाही आणि भजनी मंडळाची तर मुळीच नाही, कारण पुढे काय ऐकायला मिळणार हे समोरच्या माणसाला ठाऊक असते. परंतु एका बाजूला गिटार, दुसऱ्या बाजूला चौंडके हे एका तंतूचे लोकवाद्य आणि मध्ये मातीचा माठ घेऊन पाच जण रंगमंचावर येऊन बसले, तर पहिली दोन गाणी कुणी ऐकतच नाही. हे नेमके काय चालले आहे, याचाच विचार करत लोक बसून राहतात. तो विचार पहिले गाणे सुरू होण्यापूर्वी संपावा, एवढेच ओळखीचे काम आहे. बँड किती मोठा, कुणाचा किती लाडका, कुठे कुठे गाजला, हे सांगण्यात गेलेला प्रत्येक क्षण या कामातून वजा होतो.

उदाहरणादाखल मी माझ्या ओळखीच्या एका बँडचा आधार घेणार आहे. त्याचे नाव देत नाही, कारण वर्षभरात त्यांनी ते दोनदा बदलले आहे आणि हा लेख वाचला जाईपर्यंत तिसऱ्यांदा बदललेले असेल.

आधी तालमीला जाऊन बसावे

ओळख लिहायला घेण्यापूर्वी किमान एक तालीम पूर्ण ऐकावी. बँडकडून व्हॉट्सॲपवर आलेला परिचय हाताशी असला तरी तो त्या क्षणी बाजूला ठेवावा. अशा परिचयात ‘फ्यूजन’, ‘मातीचा गंध’ आणि ‘तरुणाईची स्पंदने’ हे तीन शब्द हमखास असतात आणि त्या तिन्हींतून एकही आवाज ऐकू येत नाही.

तालमीत वाद्ये हातात घेऊन पाहावीत. मी पहिल्यांदा चौंडके जवळून पाहिले ते असेच, शहापुरातील एका घराच्या माडीवर. लाकडी नळकांड्याच्या एका तोंडावर चामडे ताणलेले असते, त्या चामड्याच्या मधोमध एक तंतू ओवलेला असतो आणि तंतूचे दुसरे टोक छोट्या मुठीला बांधलेले असते. नळकांडे डाव्या काखेत दाबून धरायचे, डाव्या हाताने मूठ ओढून तंतू ताणायचा किंवा सैल सोडायचा आणि उजव्या हाताने तो छेडायचा. ताण वाढला की स्वर चढतो, सोडला की घसरत खाली येतो. म्हणूनच चौंडके वाजत असताना ते कुणाशी तरी हुज्जत घालत आहे असे वाटते. वाजवणाऱ्या मुलाने माझ्याकडे न पाहताच सांगितले, ‘‘ह्याला सूर लावायचा नसतोय काका, ह्याच्याबरोबर भांडायचं असतंय.’’ हे वाक्य मी पुढे ओळखीत जसेच्या तसे वापरले आणि त्यासाठी त्याची रीतसर परवानगी घेतली.

तालमीत विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. प्रत्येकाच्या नावाचा आणि आडनावाचा उच्चार स्वतः म्हणून दाखवून खात्री करून घ्यावी. सीमाभागात एकाच मंचावर ‘मठद’, ‘पाटील’, ‘मुल्ला’ आणि ‘कुंभार’ असतात आणि चुकीचा उच्चार त्या माणसाच्या घरच्यांना वर्षभर लक्षात राहतो. कुठल्या गाण्याचे शब्द कुणाचे आणि चाल कुणाची हे विचारावे. गाण्यात श्रोता फसेल अशी जागा कोणती, हेही विचारावे. या बँडच्या पहिल्याच गाण्यात मध्येच सगळी वाद्ये थांबतात आणि सहा-सात क्षणांनी एकटा माठ पुन्हा ठेका धरतो. हे कुणी सांगितले नाही, तर लोक त्या शांततेत टाळ्या वाजवून मोकळे होतात आणि माठवाला ओशाळतो.

श्रोत्याच्या ओळखीचे टोक शोधावे

नवी गोष्ट लोकांसमोर ठेवताना तिला त्यांच्या परिचयाच्या एखाद्या गोष्टीला बांधून ठेवावे लागते. आपल्या भागात अशा गोष्टींना तोटा नाही, फक्त खरे टोक निवडता आले पाहिजे.

चौंडके म्हटले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या माणसाला सौंदत्तीचा डोंगर आठवतो. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास तिथल्या यल्लम्मा देवीला निघालेल्या गाड्या, भंडारा आणि त्या वाटेवरचा आवाज त्याच्या कानात आहे. मात्र या आठवणीला दुसरी बाजूही आहे. हे वाद्य देवीच्या सेवेला वाहिलेल्या ज्या जोगते-जोगतिणींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांच्या वाट्याला देवदासी प्रथेसारखी गोष्टही आली. मुलींना देवाला सोडण्यावर कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी आणली. जोगती परंपरेतूनच आलेल्या मंजम्मा जोगती पुढे कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळे मंचावरून सांगण्याचे कारण नाही. पण निवेदकाला ते ठाऊक असावे, म्हणजे ‘देवीच्या गूढ वाद्याचा थरार’ अशी वाक्ये तोंडून निसटत नाहीत. वाद्य कुणाकडून आले, हे एका सरळ वाक्यात आदराने सांगावे आणि पुढे जावे.

हलगीला ओळखीची गरज नाही. माठाला आहे, पण तिथे खानापूरचे नाव पुरते. तिथल्या मातीची आणि कुंभारकामाची कीर्ती जिल्ह्यात सर्वांना ठाऊक असल्यामुळे ‘खानापूरचा माठ’ म्हटल्याबरोबर माणसे हसतात आणि मान डोलावतात.

सर्वांत उपयोगी टोक मला त्यांच्या दुसऱ्या गाण्यासाठी सापडले. त्या गाण्यात एक जण मराठीत प्रश्न विचारतो आणि दुसरी कन्नडमध्ये उत्तर देते. बँडच्या मुलांना ही आपली स्वतःची अफलातून कल्पना वाटत होती. वास्तविक मराठी शाहिरीत कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आहेत आणि उत्तर कर्नाटकातील कन्नड लावणीत त्याच धाटणीचे हरदेशी-नागेशी आहेत. एक पक्ष शक्तीचे श्रेष्ठत्व गातो, दुसरा शिवाचे, आणि रात्रभर कोडी घालणे व सोडवणे चालते. म्हणजे या मुलांनी अनवधानाने दोन शेजारी परंपरांच्या मधली भिंत पाडली होती. हे मी त्यांना सांगितले तेव्हा ती आधी जरा हिरमुसली आणि मग त्यांनी गाण्यात एक कोडे वाढवले.

कोणते टोक टाळावे, हेही सांगतो. कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला आणि पुढे देवासला आजारपणात त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली, हे खरे आहे आणि लोकसंगीताविषयी बोलताना ते आठवणे स्वाभाविकही आहे. पण आपल्याकडील प्रत्येक निवेदक प्रत्येक कार्यक्रमात ते सांगत आला आहे. कार्यक्रम कुमार गंधर्व रंगमंदिरातच असेल तर मोह आणखी वाढतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर इतके मोठे नाव ठेवले की त्यांचा पहिला स्वर कापतो.

तीच गोष्ट ‘बेळगावचे रघु दीक्षित’ या प्रकारच्या बिरुदांची. कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफांच्या तत्त्वपदांना गिटारसोबत देशभर नेणारे रघु दीक्षित, बेंगळुरूचा ‘स्वरात्मा’, अभंगांना नवा साज चढवणारा मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ हे बँड निवेदकाने घरी बसून जरूर ऐकावेत, कारण त्यामुळे आपल्या बँडचे वेगळेपण कशात आहे ते कळते. मंचावर मात्र तुलना करू नये. तुलना ऐकली की श्रोता गुण देत बसतो.

श्रेय नीट तपासावे

‘पारंपरिक’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. जात्यावरची ओवी खरोखरच परंपरेची असते, पण मुलांनी ती ज्या चालीत ऐकलेली असते ती चाल पुष्कळदा कुणा संगीतकाराने अलीकडे बांधलेली असते. भारतीय कायद्यानुसार शब्दांवर आणि संगीतावर कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क असतो. शिशुनाळ शरीफ १८८९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पदे गायला कुणाची परवानगी लागत नाही. परंतु त्यांतल्या अनेक पदांच्या आज लोकप्रिय असलेल्या चाली कन्नड संगीतकार सी. अश्वथ यांच्या आहेत आणि ते २००९ मध्ये गेले. म्हणून ‘शब्द शरीफांचे, चाल अश्वथ यांची’ असे स्पष्ट म्हणावे. तुकोबांच्या अभंगांनाही हाच न्याय लागू आहे. बँडने चाल स्वतः बांधली असेल तर तेही ठामपणे सांगावे, कारण नवोदितांच्या ओळखीत अभिमानाने सांगण्यासारखी तीच गोष्ट असते.

लिहावे दीड मिनिटाचे

दीड मिनिटात शांतपणे बोलता येतात ते साधारण दीडशे शब्द. ते कागदावर लिहून काढावेत, मोठ्याने वाचावेत आणि घरातील अशा माणसाला ऐकवावेत ज्याला गिटारचे अजिबात कौतुक नाही. माझ्या घरी ही जबाबदारी आईची आहे. मी लिहिलेला पहिला मसुदा ऐकून ती म्हणाली, ‘‘ते सगळं खरं, पण ती पोरं म्हणतात काय ते सांग की.’’ त्यानंतर मी पुढीलप्रमाणे लिहिले :

‘‘नमस्कार मंडळी, एल्लरिगू नमस्कार. यल्लम्माच्या वाटेवर जोगतिणींच्या काखेतलं चौंडकं तुम्ही ऐकलेलं आहे. हलगी तर तुमच्या घरचीच. आज ही दोन वाद्यं गिटारबरोबर वाजणार आहेत आणि ठेका धरणार आहे खानापूरचा एक माठ. चौंडकं वाजवणारा म्हणतो, त्याला सूर लावायचा नसतो, त्याच्याबरोबर भांडायचं असतं. ते भांडण आज तुमच्यासमोर होईल. गाणी नवी आहेत, शब्द आणि चाली या पाच जणांच्या. पहिलं गाणं शेवटची बस चुकलेल्या माणसाचं आहे. त्यात मध्येच सगळं गप्प होईल. बस गेलेली असते, गाणं संपलेलं नसतं. दुसऱ्या गाण्यात प्रश्न मराठीत येईल आणि उत्तर कन्नडमध्ये, कलगी-तुऱ्यासारखं, हरदेशी-नागेशीसारखं. उत्तर कळलं नाही तर शेजारच्याला विचारा.’’

यापुढे पाच नावे, प्रत्येकासोबत त्याचे वाद्य, आणि बस्स. यात एकही विशेषण स्तुतीचे नाही, हे लक्षात घ्यावे. लेखी भाषा आणि बोलण्याची भाषा यांतला फरकही येथे पाळला आहे; मंचावरून ‘चौंडके’ म्हणणारा माणूस आपल्या गल्लीतला वाटत नाही.

दोन भाषांचा प्रश्न

सीमाभागात या प्रश्नाला फाटे फुटू शकतात, म्हणून तो आयोजकांशी आधीच बोलून घ्यावा. श्रोते मिश्र असतील तर कन्नडमध्येही ओळख व्हावी, आणि ती ज्याची कन्नड सहज आहे त्यानेच करावी. मोडकी कन्नड बोलून टाळ्या मिळवण्याचा प्रयत्न दोन्ही बाजूंच्या माणसांना खटकतो. मराठी ओळखीचा शब्दशः अनुवाद कन्नडमध्ये वाचू नये. मराठीत पहिल्या गाण्याविषयी सांगितले असेल तर कन्नडमध्ये दुसऱ्याविषयी सांगावे, म्हणजे दोन्ही भाषा जाणणाऱ्याला, आणि असे लोक आपल्याकडे बहुसंख्य असतात, एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागत नाही. पोस्टरवर बँडचे नाव दोन्ही लिप्यांत आणि सारख्याच आकारात असावे. परवानगीच्या अर्जावर शहराचे नाव अधिकृत, म्हणजे १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे ‘बेळगावी’ असे लिहावे. मंचावरून तोंडी काय म्हणायचे ते ज्याचे त्याला ठाऊक आहे.

हलगी, शाल आणि श्रीफळ

आता ज्या गोष्टीमुळे माझ्या ओळखी खऱ्या अर्थाने आखूड झाल्या, ती सांगतो. चामड्याची हलगी वाजवण्यापूर्वी शेकावी लागते. कागद किंवा पालापाचोळा पेटवून त्याच्या आचेवर ती फिरवत राहायचे, मध्ये मध्ये बोटाने टिचकी मारून पाहायची आणि आवाज ‘भद्द’ चा ‘कड्ड’ झाला की थांबायचे. गणेशोत्सव भाद्रपदात येतो, बेळगावात तेव्हा भुरभुर चालूच असते आणि दमट हवेत शेकलेली हलगी लवकरच पुन्हा उतरू लागते.

काही वर्षांपूर्वी एका गल्लीत माझ्या सूचनेवरून मुलांनी हलगी अगदी वेळेवर शेकली आणि ती मंचावर आली. मी माइक हातात घेतला, तोच मंडळाच्या एका ज्येष्ठांनी तो माझ्याकडून घेतला आणि सत्कार सुरू झाले. देणगीदार, मूर्तिकार, मांडववाले, माजी पदाधिकारी, त्यांचे पाहुणे. शाल, श्रीफळ, फोटो. चाळीस मिनिटे गेली. त्यानंतर मी माझी ओळख वाचली, ‘हलगी तर तुमच्या घरचीच’ हे वाक्य म्हटले आणि हलगीवाल्याने टिपरू मारल्यावर ओल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा आवाज आला. मागे बसलेली पोरे फिदीफिदी हसली. तो बिचारा हलगी घेऊन मांडवाच्या मागे पळाला, तिथे सुका कागद मिळेना, शेवटी कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा पेटवला गेला आणि तोवर दहा मिनिटे मी सौंदत्ती, खानापूर आणि शेवटी नाइलाजाने कुमार गंधर्वांवर बोलत राहिलो.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. सत्कार, दीपप्रज्वलन, आभार असे जे काही असेल ते बँडच्या आधी पूर्ण उरकून घ्यायला सांगतो, आणि शेवटचे श्रीफळ हातात पडल्याशिवाय हलगी विस्तवावर धरू देत नाही. शेकणे आणि माइक तपासणे होईपर्यंत लोकांना चहा घेऊ देतो, आणि हलगीवाल्याने मान हलवल्यावरच ओळख सुरू करतो. पावसाळ्यात फायबरच्या पडद्याची दुसरी हलगी जवळ ठेवणे शहाणपणाचे असते. तिचा आवाज जरा पत्र्यासारखा येतो, पण वेळ निभावतो. साउंडवाल्यालाही आधीच सांगून ठेवावे, की चौंडकेवाला उभ्याने, डोलत वाजवतो आणि स्टँडवरचा माइक त्याच्या कामाचा नाही. सदऱ्याला लावायचा छोटा माइक मिळाला तर उत्तम.

उघड्यावरील कार्यक्रम असेल तर घड्याळही पाहावे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही; सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत शिथिल करू शकते, आणि आपला दिवस त्यात आहे की नाही हे आयोजकांनी पोलीस ठाण्यातून आधी विचारून ठेवावे. पावणेदहाला सुरू झालेल्या बँडची सर्वांत चांगली ओळख म्हणजे फक्त पाच नावे. तशी वेळ आली तर कागद खिशात ठेवावा आणि नावे सांगून खाली उतरावे.

कार्यक्रमापूर्वीचे दोन दिवस

गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर तीस-चाळीस सेकंदांचा एकच व्हिडिओ पाठवावा. तो तालमीत, फोन आडवा धरून, जवळून घेतलेला असावा आणि त्यात चौंडके व गिटार यांचा एकत्र आवाज पहिल्या पाच सेकंदांतच यावा. आमच्या व्हिडिओखाली पहिली प्रतिक्रिया आली ती एका किराणा दुकानदार काकांची : ‘गिटार आनि चौंडकं एका जाग्याला? जमतंय काय ते?’ बँडमधल्या मुलीला राग आला होता. मी तिला म्हटले, काकांना उत्तर देऊ नकोस, पहिल्या रांगेत खुर्ची ठेव. काका आले, दुसऱ्या गाण्यातील कन्नड कोड्याचे उत्तर त्यांनी गाण्याच्या आधीच ओरडून सांगितले आणि ते चुकीचे होते. पण त्यानंतर आख्खी गल्ली उत्तरे ओरडू लागली.

माइक खाली ठेवल्यावर

ओळख संपताच टाळ्यांची वाट न पाहता उतरावे आणि मंचाच्या कडेला रेंगाळू नये. दोन गाण्यांच्या मध्ये पुन्हा वर जाऊन ‘वा, काय सुंदर सादरीकरण’ म्हणण्याची पद्धत पडली आहे; लावणीच्या कार्यक्रमात ती खपते, येथे तिच्यामुळे चौंडक्याचा चढलेला ताण आणि मुलांचा लागलेला सूर, दोन्ही उतरतात. मधले बोलणे बँडचे बँडलाच करू द्यावे, अडखळत केले तरी चालेल.

खाली आल्यावर मांडवाच्या मागच्या रांगेत बसावे. पुढच्या रांगेत पाहुणे असतात आणि ते सगळ्यालाच मान डोलावतात. मागच्या रांगेत दुचाकीवर बसलेली पोरे, कडेवर मूल घेतलेल्या बायका आणि निघण्याच्या बेतात असलेले लोक असतात; पहिल्या गाण्यातल्या त्या शांततेत त्यांच्यापैकी कुणी टाळ्या वाजवल्या का, आणि दुचाकीची किल्ली कुठल्या गाण्याला फिरली, हे वहीत टिपून ठेवावे. पुढच्या वेळी ओळखीतला कोणता शब्द बदलायचा ते त्या वहीतच सापडते. माझ्या वहीत शेवटची नोंद अशी आहे : ‘माठ थांबला, कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, थांब, बस गेलीय.’